वहिवाटदार कोणी नाही

"निगायचा कंदी?"

धर्मशाळेच्या पायरीशी कोणीही आला की काकांचा हा पहिला प्रश्न. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं मागाहून. एक पाय पायरीवर, दुसरा खाली अंगणात, हातात खराटा नाहीतर कळशी, आणि चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला हाकलतोय. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी चांगलीच फणकारले होते.

तुम्ही कधी खेडहून दापोलीला एसटीने गेला असाल, तर ती धर्मशाळा तुमच्या खिडकीतून मागे गेली असणार. लक्षात राहावं असं तिच्यात काही नाही. तीन बाजूंना जांभ्याच्या भिंती, पुढची बाजू मोकळी, सहा लाकडी खांब, वर कौलं, आत पाच खण. दारच नाही, त्यामुळे कुलूपही नाही. बंदरावरून मीठ आणि सुकी मासळी घेऊन बैलांचे तांडे घाटावर चढायचे, तिकडून गूळ आणि धान्य घेऊन उतरायचे, तेव्हा कुणा व्यापाऱ्याने ती बांधली असं म्हणतात. बैल गेले, तांडे गेले, वाटेचा डांबरी रस्ता झाला. धर्मशाळा तेवढी रस्त्याच्या कडेला राहिली, आणि ती राहिली ती काकांमुळे. त्यांचं नाव मी सांगत नाही. नाव विचारणं आणि सांगणं दोन्ही त्यांना पसंत नव्हतं, त्याचं कारण पुढे येईलच.

मी मोजणी खात्यातली, भूकरमापक. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा दाखवायच्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या. मूळची सांगलीकडची. खेडला बदली झाल्याची ऑर्डर हातात पडली तेव्हा चार दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नव्हते. रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात परत बदलीचा अर्ज टाकला. इथला पाऊस नको, इथला कातळ नको, ओले कपडे नकोत, असं माझं अखंड चाललेलं असायचं. त्यातच ऐन जुलैत एका दुपारी पंक्चर झालेली स्कूटी ढकलत मी धर्मशाळेत शिरले आणि समोरून हा प्रश्न आला.

"बाय, निगायचा कंदी?"

"अजून आलेसुद्धा नाही मी!"

"आलंस ता दिसला मना. निगायचा कंदी ता सांग."

"पाऊस थांबला की."

"मंग आज काय निगत न्हायस," ते म्हणाले, आणि आतल्या खणातून सुकी लाकडं आणून त्यांनी माझ्यासमोर चूल पेटवली.

दीड तास मी तिथे होते. तेवढ्या वेळात त्यांनी मला बिनदुधाचा चहा दिला, खेडच्या पंक्चरवाल्याला फोन लावला, दोनदा अंगण झाडलं आणि चारदा रस्त्याच्या कडेला जाऊन पायाने गटारातला पाला काढला. बसले मात्र एकदाही नाहीत. चहासुद्धा फेऱ्या मारत प्याले. शेवटी मलाच बघवेना. म्हटलं, "काका, बसा की जरा."

"मी बसलो का गटारां तुंबतात," ते म्हणाले.

ही अगदीच थाप नव्हती. आयुष्यभर ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचे ठरावीक मैल एकेका माणसाकडे असतात. त्याने रोज ते चालायचे, खड्डा दिसला तर खडी टाकायची, झाड वाढलं तर फांदी तोडायची, पावसाळ्यात मोऱ्या साफ ठेवायच्या. काकांच्या वाट्याला आलेल्या मैलांत ही धर्मशाळा होती. निवृत्त झाल्यावर खात्याने रस्ता काढून घेतला, पण पायांना ते कोणी कळवलं नाही. तोवर बायको गेलेली, मूलबाळ नाही. वाडीत पुतण्याचं घर होतं, पण दोन खोल्यांत ती पाच माणसं. काका गाठोडं घेऊन धर्मशाळेत आले ते आलेच.

त्या दिवसापासून माझी स्कूटी त्या वळणावर आपोआप हळू व्हायला लागली. मोजणीला जाताना-येताना मी तिथे डबा खायची. अशा माणसाला एकदा पाहून पुरत नाही, हे तुम्हालाही अनुभवाने माहीत असेल.

एकदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला थांबले, तर काका निघालेले. डोक्यावर गाठोडं, काखेत छत्री, हातात ॲल्युमिनियमचा डबा. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"आज माजी चवथी."

"चौथी काय?"

त्यांनी मला जोत्याच्या डाव्या अंगाला नेलं. तिथे एक शिळा बसवलेली आहे. तिच्यावरची अक्षरं इतकी झिजली आहेत की दापोलीहून आलेल्या कॉलेजच्या मुलांनी खडूची पूड चोळचोळून पाहिली, तेव्हा त्यांना एकच 'त' लागला. काकांना मात्र ती शिळा तोंडपाठ होती. बोट फिरवत त्यांनी मला वाचून दाखवली. वाटसरूने तीन रात्रींवर राहू नये. जळण वापरलं तर तेवढं आणून ठेवावं. आल्या माणसाला जागा करून द्यावी.

"हे वाचलं कोणी?"

"माज्या आज्याना."

"त्यांना वाचता यायचं?"

"न्हाय," ते शांतपणे म्हणाले.

तर तीन रात्री झाल्या की चौथ्या दिवशी काका गाठोडं बांधून धर्मशाळा सोडायचे. कधी पुतण्याच्या पडवीत, कधी खेडच्या रेल्वे स्टेशनात, एकदा तर थेट अंजनवेलला बहिणीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचे, अंगणात उभे राहायचे आणि रिकाम्या धर्मशाळेला हाक मारायचे, "हाय का कोन आत? यिऊ का?" उत्तर येणार नाही हे माहीत असून थोडं थांबायचे. मग चपला काढून आत. मागच्या खेपेला ज्या खणात पथारी होती तो खण सोडून दुसरा घ्यायचे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पोट धरून हसले. म्हटलं, "काका, सगळ्या तालुक्याला माहीत आहे तुम्ही इथे राहता."

"ऱ्हातो कुटं? उतरतो," ते म्हणाले.

हा नियम ते माणसांपुरता ठेवत नसत. आंब्याच्या हंगामात एका बागायतदाराने पेट्या ठेवायला जागा मागितली. काकांनी दिली. चौथ्या दिवशी बागायतदार टेम्पो घेऊन आला तर साठ पेट्या समोरच्या आंब्याखाली ओळीने मांडलेल्या, वर झावळ्या टाकलेल्या, आणि बाजूला काका पहारा देत उभे. तो माणूस चांगलाच तापला. काका म्हणाले, "तीन रात्री झाल्या तेंच्या. तुमी असतांव तर तुमास्नीबी हेच सांगितला असता." पुढच्या वर्षी त्याच बागायतदाराने कौलं शाकारायला दोन माणसं पाठवली, ती कुणी न सांगता.

उतरायला यायचं तरी कोण, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण बसून पाहिल्यावर कळलं की वाटसरू संपलेले नाहीत, आपल्याला ते दिसत नाहीत इतकंच. बागांची राखण करायला येणारे नेपाळी, मेंढरं घेऊन उतरलेले धनगर, पाटा तुटलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर, पावसात अडकलेले मोटरसायकलवाले, दवाखान्यातून परत जाताना शेवटची गाडी चुकलेलं म्हातारं जोडपं. प्रत्येकाला तोच प्रश्न. पहाटे चारला निघायचं म्हणाला तर काका पावणेचारला पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी उभे. दोन दिवसांनी म्हणाला तर त्याला आतला, वारा न लागणारा खण. वेळ कळली की माणसाची सोय लावता येते, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. तरी मी एकदा म्हटलंच, "आधी 'कुठून आलात' विचारावं माणसाने. तेवढंच बरं वाटतं."

काकांनी खराटा थांबवला. असं क्वचित व्हायचं.

"बाय, कुटून आलांव ईचारला का गाव कलतो. गाव कलला का वाडी ईचारायची. वाडी कलली का आडनाव ईचारावाच लागत न्हाय. मंग मानूस पान्याचा तांब्या कंच्या हातान घेतो ता बगत बसायचा. जल्ला, त्यापरास निगायचा कंदी ता बरा."

काका बौद्धवाडीतले हे मला माहीत होतं. पण हे उत्तर इतकं सरळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग रस्त्याचं रुंदीकरण आलं.

संयुक्त मोजणीच्या कामावर मीच होते. आता साखळी नाही, काठीवर बसवलेलं यंत्र असतं, ते उपग्रहाशी बोलतं आणि रेषा दाखवतं. मी वळणावर काठी उभी केली आणि पडद्यावर पाहिलं. नव्या रस्त्याची कड धर्मशाळेचे अडीच खण कापून जात होती. काका माझ्या मागेच होते. त्यांनी पडद्याकडे न बघता माझ्याकडे पाहिलं.

"कुटपरयंत?"

मी आत जाऊन तिसऱ्या खणात मधोमध उभी राहिले. दुसरं काय करणार? बाहेर जाऊन काकांनी सबंध गटार दापोलीच्या बाजूने पार मोरीपर्यंत साफ केलं.

गावाने हरकत घेतली. धर्मशाळा जुनी आहे, आजही वापरात आहे, रेषा पलीकडे सरकवा, तिकडे नुसता कातळ आहे. जागेवर आलेले इंजिनीअर भले होते. म्हणाले, "सरकवता येईल. पण सार्वजनिक वापर कागदावर दिसला पाहिजे. मॅडमच्या तक्त्यात जे येईल त्यावर आहे सगळं." मॅडम म्हणजे मी.

तक्त्यात प्रत्येक बांधकामाची नोंद करायची असते. किती चौरस मीटर, भिंती कशाच्या, वापर कसला. आणि एक रकाना असतो, वहिवाटदार. म्हणजे जागा कुणाच्या ताब्यात आहे. पंच मंडळी जोत्यावर बसली होती, मी लिहीत होते, काका फेऱ्या मारत होते.

"वापर?"

"वाटसरूंचा," काका म्हणाले.

"वहिवाटदार?"

"कोनी न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी पन वाटसरूच."

"अठरा वर्षांचे वाटसरू!" पंचांपैकी एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. काका हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाय, हाय ता लिव. कमी नको, जास्ती नको."

मी 'वहिवाटदार कोणी नाही' असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि इथवर माझ्या हातून काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते ऑफिसात आल्यावर. पक्का अहवाल टाइप करताना माझ्या डोळ्यांसमोर काकांचं सामान येत राहिलं. एक गाठोडं, एक डबा, खुंटीवर एक सदरा. रेषा नाही सरकली तर? धर्मशाळा जाईल आणि या माणसाला कोणी विचारणारसुद्धा नाही, कारण कागदावर तो तिथे नव्हताच. निदान नाव लागलं तर विस्थापितांत धरतील, कुठेतरी एक खोली मिळेल. रेषा सरकली तर प्रश्नच नाही. दोन्हीकडून सोय होते, असं मला वाटलं. माझ्या हुशारीवर मी त्या दिवशी खूशसुद्धा होते. अहवालाच्या शेवटी, शेऱ्यात, मी एक वाक्य वाढवलं. सदर इमारतीत अमुक नावाचे वृद्ध इसम गेली अठरा वर्षे कायम वास्तव्य करून आहेत. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

चार महिन्यांनी धर्मशाळेच्या खांबाला नोटीस लागली. मी पोचले तेव्हा काका ती उभ्याने वाचत होते. शाळा चौथीपर्यंतच, पण वाचायचे ते एकेका शब्दावर पाय रोवून. इमारतीत खाजगी वास्तव्य आढळत असल्याने सार्वजनिक वापर सिद्ध होत नाही. अतिक्रमणधारकाने पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी. आणि खाली त्यांचं नाव, आडनावासकट.

"ह्या कोनी लिवला?"

खोटं बोलायची मला चांगली सवय आहे. या नोकरीत ती लागते. पण त्यांच्यापुढे जमलं नाही. म्हटलं, "मी."

"का गो?"

"तुम्हाला खोली मिळावी म्हणून."

ते जोत्यावर बसले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं, आणि मला इतकं भयंकर वाटलं की मी उगाच छत्री उघडायला लागले.

"माजा आजा व्यापाऱ्यांच्या बैलांम्होरं वाट दावत जायाचा," ते म्हणाले. "पावसात बैल आत बांदायचे. पाचव्या खनात, त्या तिकडं. आजा भायेर, झाडाखाली. आतून कोन वाचून दावायचा तो आयकून ती शिला त्यान पाट केली. मी आत आलो, बाय. कोनी अडवला न्हाय. पन मालक म्हनून न्हाय आलो मी, येनारा म्हनून आलो. म्हनून तर चवथ्या दिवशी निगायचो. तू मना मालक करून ठेवलंस."

एवढं बोलून ते उठले आणि कळशी घेऊन पाण्याला गेले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुरुस्ती अहवाल दिला. वरिष्ठ म्हणाले, सही तुमचीच, आणि आता तुम्हीच म्हणता ते खोटं? मी म्हणाले, खोटं नाही, पण बरोबरही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता मला रजा घ्यायचा सल्ला देणार, असंच वाटलं. याच गडबडीत माझी बदलीची ऑर्डर आली. तीन वर्षं जिची वाट पाहिली ती. मी ती पर्समध्ये कोंबली आणि प्रांतांपुढची सुनावणी होईपर्यंत कार्यमुक्त होत नाही म्हणून अडून बसले.

सुनावणीला गाव आलं होतं, बागायतदार आला होता, आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काका आले होते. प्रांत तरुण होते, समजूतदार. त्यांनी माझा अहवाल वाचला, गावाची हरकत वाचली आणि म्हणाले, "आजोबा, अडचण एकच आहे. कागदावर तुम्ही तिथे राहता. या जागेवर आपला काही हक्क नाही आणि इथून पुढे आपण तिथे राहणार नाही, असा जबाब तुम्ही दिलात, तर ही धर्मशाळा आहे असं मला म्हणता येईल. मग रेषा पलीकडे घेता येईल."

मी पटकन म्हणाले, "सर, त्यांना दुसरीकडे..."

"बाय, गप," काका म्हणाले. मग प्रांतांकडे वळून, "लिवा सायब."

कारकुनाने लिहिलं, 'वास्तव्य करणार नाही.' काकांनी कागद हातात घेऊन वाचला आणि परत दिला.

"पाऊल ठेवनार न्हाय, असा लिवा."

"तेवढं लागत नाही हो," प्रांत म्हणाले. "येता-जाता टेकायला कोण अडवतंय तुम्हाला?"

"लागता सायब. उंद्या कोनतरी म्हनंल, म्हातारा आत दिसला व्हता. मंग पुना नोटीस. पाऊल ठेवनार न्हाय, लिवा."

कारकुनाने प्रांतांकडे पाहिलं, प्रांतांनी माझ्याकडे. मी खाली बघत होते. तसं लिहिलं गेलं. काकांनी सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. रेषा सरकली. गावाने बाहेर येऊन पेढे वाटले. काकांनी एक घेतला आणि चालत चालत खाल्ला.

मला पुढच्या आठवड्यात कार्यमुक्त केलं. सांगलीला गेले. जे हवं होतं ते मिळालं होतं, घर, माणसं, कोरडे कपडे. पण कुठे बसवेना. टेबलापाशी पाच मिनिटं बसले की उठून खिडकीपाशी जायची, परत यायची. घरचे म्हणाले, कोकणाने हिला बिघडवलं.

बागायतदाराचा फोन मधूनमधून यायचा. त्याच्याकडून कळायचं. काका पुतण्याकडे असतात. रोज सकाळी चालत येतात, अंगण झाडतात, गटार काढतात. पाण्याची कळशी भरून आणतात आणि पायरीखाली उभे राहून आतल्या माणसाला हाक मारतात, वायंच रांजनात वता. आत कोणी नसलं तर कळशी पायरीवर ठेवून जातात. आत येत नाहीत. एकदा वादळात फांदी कौलांवर पडली तेव्हा बाहेरून ओरडून ओरडून त्यांनी दोन धनगरांकडून सगळी कौलं सारखी करून घेतली.

दीड वर्षाने सर्व्हिस बुकातल्या एका सहीसाठी मला खेडला जावं लागलं. सही तासाभरात झाली. खरं तर पोस्टानेही झाली असती. मी दापोलीच्या एसटीत बसले आणि वळणावर उतरले. रस्ता रुंद, काळा, नवा, आणि त्या एका ठिकाणी कातळाच्या बाजूला झुकलेला. सर आली तशी मी धावत धर्मशाळेत शिरले. आत एक जोडपं मोटरसायकल लावून बसलं होतं, चूल पेटलेली होती, कोपऱ्यात सुकी लाकडं नीट रचलेली होती. मी तिसऱ्या खणात उभी राहिले.

तेवढ्यात रस्त्याने काका आले. छत्री वाऱ्याने उलटी झालेली, अंग निथळत होतं. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पागोळ्यांच्या पलीकडे, अंगणातच थांबले. आमच्या मधे चार हात अंतर असेल. वाळले होते बरेच.

"बाय! बरा हाय ना?"

"काका, आत या आधी. केवढे भिजलात!"

त्यांनी मान हलवली. ते जोडपंही म्हणालं, "आजोबा, या की, जागा आहे भरपूर." काकांनी त्यांच्याकडे बघून हात वर केला, बरं बरं अशा अर्थाने, आणि तिथेच उभे राहिले.

"कोण बघतंय इथे?" मी म्हणाले. "काका, कोणी नाही. मी कुणाला सांगणार नाही."

"सही केलीय मी."

मग मला काय झालं कोण जाणे. मी चपला न घालता पायरी उतरले आणि पावसात त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी तेवढंच करू शकत होते. काका एकदम कावले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, नोटीस लागली तेव्हासुद्धा नाही.

"आत जा! तू कशाला भिजतंस? मी भायेर ऱ्हायलो तो तुमास्नी आत ऱ्हाता यावा म्हनून. आत जा पयली."

मी गेले. दुसरं काही करण्याचा हक्क मला उरला नव्हता. पायरी चढून मागे वळले तोवर ते रस्त्याला लागले होते आणि दर चार पावलांवर थांबून पायाने गटारातला पाला काढत होते.

गेल्या माघात ते गेले. बागायतदाराने फोनवर सांगितलं की वाडीतून त्यांना नेताना माणसं धर्मशाळेपाशी खांदा बदलायला थांबली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, जरा आत टेकवूया, ऊन आहे. पुतण्या नको म्हणाला. रस्त्यावर उन्हातच त्यांनी खांदा बदलला.